नवी सिंधुबंदी

पनवेल हे गाव मुळात बंदराचे. रेल्वे आणि महामार्ग येण्यापूर्वी खाडीतून गलबते येत. घाटावरून उतरलेला माल येथे जहाजांवर चढे आणि समुद्रमार्गे आलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे. काळ पालटला, खाडी गाळाने भरली, गाव महानगर झाले. पण समुद्राने पनवेलची साथ सोडली नाही. १९८९ साली पलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि ते देशातील अग्रगण्य कंटेनर बंदरांपैकी एक ठरले. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. त्याचा सुमारे साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर उभा आहे. आणि खुद्द पनवेलमध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची, म्हणजे ओ.एन.जी.सी.ची, सागरी अभियांत्रिकीला वाहिलेली एक संस्था आहे. तिचे नाव ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग अँड ओशन टेक्नॉलॉजी’. १९८३ साली स्थापन झालेली ही संस्था भर समुद्रात उभ्या राहणाऱ्या तेलफलाटांची रचना, त्यांची मजबुती, लोखंडाला लागणारा गंज आणि समुद्रतळाची माती यांचा अभ्यास करते.

याच पनवेल, खारघर, कामोठे, रसायनी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयांची दाटी आहे. तेथील हजारो विद्यार्थ्यांपैकी किती जणांना आपल्या गावातील या संस्थेचे नाव ठाऊक असेल? अभियांत्रिकीच्या जगात विद्यार्थ्यांचे चमू काही कमी नाहीत. कोणी शर्यतीची मोटार बांधतो, कोणी ‘रोबोकॉन’साठी यंत्रमानव, कोणी ड्रोन. ‘बाहा’च्या शर्यतीसाठी रात्र-रात्र जागणारी मुले पाहिली की या पिढीला कष्ट नकोत असे म्हणणाऱ्यांची कीव येते. पण पाण्याखाली चालणारे यान बांधणारा, लाटांचा अभ्यास करणारा, बंदराच्या गाळाचे मोजमाप घेणारा विद्यार्थ्यांचा चमू मात्र हुडकावा लागतो. खाडीच्या काठावर राहणाऱ्या मुलांनी जमिनीवर आणि आकाशात यंत्रे चालवावीत आणि दाराशी आलेल्या पाण्याकडे पाठ फिरवावी, हे चित्र स्वाभाविक मानायचे काय?

बेडी तुटली, पण मनातली?

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायातील ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांतील एक सिंधुबंदी. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, या भाबड्या समजुतीने ज्या समाजाने एकेकाळी दूरच्या द्वीपांपर्यंत जहाजे नेली, तोच समाज आपल्याच किनाऱ्यावर कैदी झाला. ती बेडी आज तुटली आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. दरवर्षी मराठी मध्यमवर्गातील मुले समुद्र ओलांडून अमेरिकेला, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला जातात आणि कोणाही घरात प्रायश्चित्ताची भाषा निघत नाही.

पण बेडी खरोखर तुटली की तिने केवळ रूप पालटले? आजची सिंधुबंदी निराळी आहे. समुद्र ओलांडायला तिची हरकत नाही. समुद्राकडे पाहायला मात्र आहे. तिचा आधार कोणत्याही पोथीत नाही, तो प्रवेशपरीक्षेच्या पसंतीक्रमात आहे. संगणकशास्त्र मिळाले तर पेढे, समुद्र अभियांत्रिकी मिळाली तर सांत्वन! मुलाने महाविद्यालयात पाण्याखालचे यान बांधणाऱ्या चमूत नाव घातले की घरात प्रश्न येतो, “अरे, पाण्यात खेळणी सोडून नोकरी मिळते का?” आणि महाविद्यालयात दुसरा प्रश्न येतो, “उपस्थितीचे काय?” जुन्या सिंधुबंदीत निदान परलोकाची भीती होती, नव्या सिंधुबंदीत केवळ ‘पॅकेज’ची चिंता आहे.

‘मत्स्य’ काय शिकवतो?

हा प्रश्न खेळण्याचा आहे काय, हे ठरवण्यासाठी फार दूर जावयास नको. पनवेलपासून खाडी ओलांडली की पवई. तेथील आय.आय.टी.च्या विद्यार्थ्यांच्या एका चमूने गेल्या दशकभरात पाण्याखालील स्वयंचलित यानांची मालिकाच उभी केली. यानाचे नाव ‘मत्स्य’. विष्णूच्या पहिल्या अवताराचे नाव घेतलेल्या या यानाच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक आवृत्ती आधीच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलेल्या चुकांवर उभी राहिली. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र प्रौद्योगिकी संस्था, म्हणजे एन.आय.ओ.टी., विद्यार्थ्यांच्या यानांसाठी ‘सेव्ह’ नावाची राष्ट्रीय स्पर्धा घेत आली आहे. तिच्यातून आणि तिच्यापुढे जाऊन ‘मत्स्य’ अमेरिकेतील ‘रोबोसब’ स्पर्धेत पोहोचला. १९९८ पासून चालत आलेली ही स्पर्धा अनेक वर्षे सॅन दिएगो येथील अमेरिकी नौदलाच्या चाचणी-तलावात होत असे.

या स्पर्धेचे स्वरूप समजून घेतले म्हणजे ‘खेळणे’ हा शब्द वापरणाऱ्यांची जीभ अडखळेल. यान पाण्यात सोडले की त्याला ना दोर, ना तार, ना किनाऱ्यावरून आज्ञा. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी फार दूर जात नाहीत. उपग्रहाची दिशादर्शक यंत्रणा पाण्याखाली मुकी होते. म्हणून यानाने कॅमेऱ्याने पाहायचे, ध्वनीने ऐकायचे आणि स्वतःच निर्णय घ्यायचा. दरवाजासारख्या चौकटीतून पार व्हायचे, ठरलेल्या चिन्हावर वस्तू टाकायची, छिद्रातून छोटे पाणतीर सोडायचे आणि तळाशी टकटक करणाऱ्या ध्वनियंत्राचा माग काढून नेमक्या जागी वर यायचे. हे सारे कोणाच्याही मदतीविना!

असे यान घडवायचे म्हणजे यंत्र, वीज, संगणक आणि धातू या शाखांच्या मुलांना एका मेजावर बसावेच लागते. यानाचे वजन आणि पाण्याचा उद्धरणबल यांचे गणित काटेकोर जमवावे लागते. वीज गेली तर यान आपोआप वर तरंगले पाहिजे. प्रत्येक दहा मीटर खोलीवर एका वातावरणाइतका दाब वाढतो. केसाएवढी फट राहिली, रबराचे एक कडे वाकडे बसले, की वर्षभराची मेहनत दोन मिनिटांत बुडते. परीक्षेच्या पेपरात अर्धे उत्तर बरोबर आले तर अर्धे गुण मिळतात; पाणी मात्र अर्धे गुण देत नाही. हा धडा कोणत्याही शिकवणीवर्गात मिळत नाही.

देशात ही परंपरा एका पवईपुरती नाही. खरगपूर आणि मद्रास येथील आय.आय.टी.मध्ये समुद्र अभियांत्रिकीचे स्वतंत्र विभाग कित्येक दशके उभे आहेत. कोची आणि विशाखापट्टण येथेही नौकारचनेचे शिक्षण मिळते. राउरकेलाच्या एन.आय.टी.मधील ‘टिबुरॉन’ आणि दिल्लीच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांचे चमू अशा स्पर्धांत नाव मिळवून आहेत. राउरकेला आणि दिल्ली! ज्यांच्या अंगणात समुद्र नाही त्या गावांची मुले पाण्याखाली उतरतात आणि ज्यांच्या दाराशी भरती येते ती पनवेलची मुले कोरडी राहतात, यासारखा विरोधाभास शोधून सापडणार नाही.

समुद्र थट्टा सहन करीत नाही

समुद्र अभियांत्रिकी हा चैनीचा विषय आहे, गरीब देशाने त्याचा विचार नंतर करावा, असे सांगणारे विद्वान अधूनमधून भेटतात. त्यांनी मे २०२१ आठवावा. ‘ताउते’ चक्रीवादळ मुंबईसमोरून जात असताना तेलक्षेत्रातील कामगारांना घेऊन उभा असलेला ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. नौदलाच्या जवानांनी उसळत्या समुद्रातून शेकड्याने जीव वाचवले. तरीही सत्तरच्या घरात माणसे गेली. बुडालेल्या तराफ्याचा तळावरील ठावठिकाणा नौदलाच्या ‘आय.एन.एस. मकर’ या सर्वेक्षण नौकेने ध्वनिलहरींच्या साह्याने लावला.

ज्या घरांतून ते कामगार गेले होते, त्या घरांना समुद्र अभियांत्रिकी ही चैन वाटेल काय? नांगराची साखळी किती ताण सोसते, वादळात तराफा कोठे हलवावा, तळाशी गेलेली वस्तू कशी शोधावी, हे सारे याच शास्त्राचे प्रश्न आहेत. आणि विद्यार्थ्यांचा चमू तलावाच्या तळाशी टकटक करणारे यंत्र शोधतो तेव्हा तो याच विद्येची मुळाक्षरे गिरवीत असतो. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबई हायमध्ये तेल शोधले, त्याला पन्नास वर्षे उलटली. तेथील फलाट, नळवाहिन्या आणि पुलांचे पाण्यातील खांब म्हातारे होत आहेत, होणार आहेत. त्यांची तपासणी पाणबुड्या माणसाने जीव धोक्यात घालून करायची की यंत्राने, हा उद्याचा नव्हे, आजचा प्रश्न आहे.

भूक आणि रोजगाराचा मुद्दा काढणाऱ्यांनी आणखी एक हिशेब पाहावा. मद्रासच्या आय.आय.टी.तून २०१५ मध्ये ‘प्लॅनिस’ ही पाण्याखालील तपासणी करणारी कंपनी निघाली. कोचीत ‘आयरोव्ह’ उभी राहिली आणि तिचे यान संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने घेतले. राउरकेल्याच्या एन.आय.टी.तील तरुणांच्या ‘कोराटिया’ कंपनीला २०२५ मध्ये नौदलाने कोट्यवधी रुपयांचे काम दिले. पाण्यातल्या ‘खेळण्यां’तून नोकऱ्या मिळतात एवढेच नव्हे, तर नोकऱ्या देणारे निर्माण होतात. हे सारे चेन्नईत, कोचीत, ओडिशात घडले. प्रश्न इतकाच की, ते कोकणात का घडू नये?

झेंडा चिकटवून स्वदेशी होत नाही

मात्र कौतुकाच्या भरात एका गोष्टीकडे काणाडोळा करता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या अनेक यानांत यान पुढे रेटणाऱ्या मोटारी, म्हणजे थ्रस्टर, अमेरिकेतून येतात. संगणकाची पाटी परदेशी, कॅमेरा परदेशी, तळाच्या सापेक्ष वेग मोजणारे लाखो रुपयांचे ध्वनियंत्र परदेशी. मग सांगाड्यावर तिरंगा चिकटवायचा, उद्घाटनाला पाहुणा बोलवायचा आणि वर्तमानपत्रात ‘संपूर्ण स्वदेशी’ अशी चौकट छापून आणायची, हा प्रकार स्वदेशीचा नव्हे, स्वदेशीच्या विडंबनाचा आहे. आणि दुःख याचे की, अशा चौकटींवर सर्वांत आधी टाळ्या पडतात त्या राष्ट्रभक्त म्हणवणाऱ्या घरांतूनच!

आयात करणे पाप नाही. शिवछत्रपतींनी आरमाराचा पाया कल्याण-भिवंडीच्या खाडीत घातला तेव्हा प्रारंभी पोर्तुगीज कारागीर कामाला होते. गोव्याच्या पोर्तुगीजांना धोका उमगताच ते कारागीर काम टाकून गेले. महाराजांचे आरमार त्यामुळे थांबले नाही. कारण तोवर येथील सुतार-लोहारांच्या हातात ती विद्या उतरली होती आणि कोळी, भंडारी दर्यावर्दी तिला कवेत घेण्यास सिद्ध होते. पहिल्या वर्षी विकत घ्या, दुसऱ्या वर्षी उघडून पाहा, तिसऱ्या वर्षी स्वतः करा: स्वदेशीचा अर्थ हा. ज्या चमूने यंदा एक मोटार, एक जलरोधक जोडणी, एक ध्वनिग्राहक स्वतः घडवला, तो स्पर्धेत शेवटचा आला तरी त्याचा सत्कार व्हावा; आणि जो चमू केवळ पैशाच्या बळावर सुटे भाग जोडून पहिला आला, त्याला प्रेमाने पण स्पष्टपणे विचारावे, “बाळांनो, यातले तुमचे काय?”

हा आग्रह का, ते खोल समुद्र सांगेल. १९८१ च्या जानेवारीत ‘गवेषणी’ या संशोधननौकेने हिंदी महासागराच्या तळावरील बहुधातूंचे गोळे वर आणले. १९८७ मध्ये भारताला जगातील पहिल्या ‘अग्रणी गुंतवणूकदारा’चा मान मिळाला आणि आज ७५ हजार चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात शोधाचा हक्क भारताकडे आहे. ती संपत्ती पाच हजार मीटरहून अधिक खोलीवर आहे. तेथवर माणूस नेण्यासाठी २०२१ साली ४,०७७ कोटी रुपयांचे खोल समुद्र अभियान संमत झाले. तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारे ‘मत्स्य-६०००’ हे यान त्याचाच भाग. त्याचा २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल समुद्रसपाटीच्या सहाशे पट दाब सोसण्यासाठी घडवायचा आहे. अशी विद्या कोणी बाजारात विकत नाही. विकलीच तर अटी घालून विकतो. विद्यार्थ्यांचा लहानसा ‘मत्स्य’ आणि राष्ट्राचा मोठा ‘मत्स्य’ यांचे नाव एक आहे, हा योगायोग असेल. पण पहिल्यावाचून दुसऱ्याला माणसे मिळणार नाहीत, हा योगायोग नाही.

जयजयकाराचे कर्ज

मराठी घरात आरमाराचा अभिमान कोणी शिकवावा लागत नाही. सिंधुदुर्गाचे चित्र भिंतीवर असते, कान्होजी आंग्र्यांचे नाव मुलांच्या ओठांवर असते. पण इतिहास केवळ जयजयकारासाठी नसतो. तो आरशासारखाही असतो. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, असे बजावणाऱ्या आज्ञापत्राच्या परंपरेतील राज्याने १७५६ साली काय केले? विजयदुर्गावर आंग्र्यांचे आरमार जळाले तेव्हा ते जाळणाऱ्या इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज उभी होती. घरातले भांडण मिटवण्यासाठी घराची समुद्राकडील भिंतच पाडली गेली. त्यानंतर समुद्रावरून कोण आले आणि किती वर्षे राहिले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

ती चूक तलवारीची नव्हती, दृष्टीची होती. जमिनीवरची लढाई तेवढी खरी आणि समुद्र हे कोणा दुसऱ्याचे काम, ही ती दृष्टी. तीच आज प्रवेशअर्जाच्या पसंतीक्रमात दिसते. शिवजयंतीला आरमाराच्या देखाव्यावर हजारोंची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाने गावातील चार मुलांच्या पाणयानासाठी एक मोटार घेऊन दिली, असे किती वेळा घडते? ज्या समाजाला गलबताचा देखावा परवडतो पण गलबत बांधणारा मुलगा परवडत नाही, त्याने आरमाराचा वारसा सांगताना थोडे थांबावे.

पनवेलने प्रारंभ करावा

टीका करून मोकळे होणे सोपे. म्हणून करता येण्याजोग्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत आणि त्यांतील एकही आकाशातील नाही.

पहिली गोष्ट विद्यापीठाने करायची. चमूतील काम हे अभ्यासक्रमाबाहेरचे मानणे थांबवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाला श्रेयांक देण्याची वाट मोकळी केली आहे. वर्षभर यान बांधणाऱ्या मुलाला प्रकल्पाचे गुण मिळावेत आणि स्पर्धेच्या आठवड्यात त्याच्या उपस्थितीवर फुली पडू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणयानाच्या चाचणीला समुद्र लागत नाही, पोहण्याचा तलाव पुरतो. पवईच्या मुलांनीही तलावातच उमेदवारी केली. शहरातील तरणतलाव रात्री रिकामे असतात. आठवड्यातून दोन रात्री, दोन-दोन तास, जीवरक्षकाच्या देखरेखीखाली तो विद्यार्थ्यांना द्यावा. यासाठी लागतो तो निधी नव्हे, एक ठराव.

तिसरी गोष्ट दार उघडण्याची. गावातील सागरी संस्था, पलीकडचे बंदर आणि महाविद्यालये यांच्यात काही किलोमीटरचेच अंतर आहे. निवृत्त होऊन पनवेलमध्ये स्थायिक झालेले सागरी अभियंते, नौदलातील माजी अधिकारी, जहाजांवर आयुष्य काढलेले इंजिनिअर येथे घरोघरी आहेत. त्यांतील दहा जणांनी महिन्यातून एक रविवार दिला, तर कोणत्याही परदेशी तज्ज्ञाला बोलावण्याची गरज उरणार नाही.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे चमू केवळ इंग्रजी माध्यमातील, सुखवस्तू घरांतील मुलांचे राहू नयेत. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. आगरी-कोळी समाजाची मिठागरे गेली, खाडीतील मासळी आटली. त्या घरांतील वडीलधाऱ्यांना उधाण केव्हा येते, भांगाला पाणी किती ओसरते, गाळ कोठे साचतो हे तोंडपाठ आहे. त्यांच्या नातवाने बंदरात केवळ ट्रक हाकावा, अशी विकासाची कल्पना असेल तर ती अपुरी आहे. आजोबांचे खाडीचे ज्ञान आणि नातवाचे यंत्राचे ज्ञान एका चमूत बसले, तर जे घडेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात आजवर आलेले नाही. समरसता म्हणतात ती व्यासपीठावर जेवढी सिद्ध होते, त्याहून अधिक अशा कार्यशाळेतील एका मेजावर होते.

येत्या जूनमध्ये पुन्हा प्रवेशाची धांदल सुरू होईल. पनवेलच्या एखाद्या घरात मुलगी किंवा मुलगा म्हणेल, “मला पाण्याखालचे यान बांधायचे आहे.” त्या क्षणी आई-वडिलांच्या तोंडून जो पहिला शब्द निघेल, त्यावरून कळेल की सावरकरांनी दाखवलेली बेडी तुटली आहे की नाही. भिंतीवरच्या सिंधुदुर्गाला साक्षी ठेवून तो शब्द ‘जा’ असा निघावा. समुद्र वाट पाहतो आहे. आणि समुद्रावर डोळा ठेवून बसलेले इतर देश मात्र वाट पाहत बसलेले नाहीत.